अडीच गुंठ्यांचे वर्ष

आपल्याकडे घर म्हटले की त्याच्या मागे परसू हे आलेच. ते लहान असेल, दगडाळ असेल, विहिरीपासून लांब असेल. परंतु कढीलिंबाचे एक झाड, दोन केळी, अळवाची चार पाने आणि कुंपणावर चढलेला घेवडा एवढे तरी त्यात असतेच. आपण मुद्दाम बाग केली आहे असे कोणाला वाटतही नाही. फोडणी टाकण्याच्या वेळी मुलाला हाक मारून ‘जा रे, चार मिरच्या तोडून आण’ असे सांगावयाचे आणि त्याने त्या आणावयाच्या, इतका हा सहज व्यवहार आहे. म्हणूनच इंग्लंडातील कामकरी माणसाला भाजीच्या वाफ्यासाठी अर्ज करावा लागतो, यादीत नाव घालून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते आणि वर भाडेही भरावे लागते, हे ऐकले म्हणजे आपणांस प्रथम नवल वाटते.

तेथील कारखान्यांच्या शहरांत कामगारांची घरे एकमेकांना भिंतीने चिकटून ओळीने उभी असतात. पुढचे दार रस्त्यावर उघडते. मागे कपडे वाळत घालण्यापुरते विटांचे अंगण. अशा घरांत राहणाऱ्यांसाठी गावाच्या कडेला, पुष्कळदा आगगाडीच्या रुळांलगत, एखादे शेत पट्ट्यापट्ट्यांनी वाटून दिलेले असते. अशा प्रत्येक पट्ट्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. आपण तिला वाट्याची बाग म्हणू. पट्ट्याचे जुने माप दहा ‘पोल’ असे आहे. एकराचे एकशे साठ पोल होतात. आपल्या हिशेबाने एकराचे चाळीस गुंठे. तेव्हा दहा पोल म्हणजे बरोबर अडीच गुंठे. आपल्या गावातील शेतकरी अडीच गुंठ्यांना शेत म्हणणार नाही, बांधावरची जागा म्हणेल. पण तेवढ्यात एका कुटुंबाची बरीचशी भाजी निघते, आणि त्या भाजीखेरीजही पुष्कळ काही निघते. त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

ह्या बागेच्या मुळाशी एक जुनी हानी आहे. इंग्लंडातील खेड्यांना पूर्वी आपल्या गायरानासारखी सामाईक जमीन असे. गरिबाची एखादी गाय तेथे चरे, त्याच्या बायकोला तेथून सर्पण मिळे. १६०४ पासून १९१४ पर्यंत तेथील पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून अशा जमिनींना कुंपणे घातली व त्या खाजगी मालकीच्या केल्या. सुमारे ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक, अशा रीतीने बंदिस्त झाली. शेतीचे उत्पन्न त्यामुळे वाढले, असे पुष्कळ इतिहासकार म्हणतात, आणि ते खोटे नसावे. परंतु ज्याच्यापाशी गाय होती आणि कुरण राहिले नाही, त्याच्या पदरात त्या वाढीव उत्पन्नाचे काय पडले?

हा प्रश्न काही धर्मगुरूंच्या मनात त्याच काळी उभा राहिला. विल्टशायर परगण्यात ग्रेट सॉमरफर्ड नावाचे खेडे आहे. तेथील आंग्लिकन धर्मगुरू स्टीफन डेमेनब्रे हे राजे तिसरे जॉर्ज ह्यांचे एक चॅप्लेन होते. गावची जमीन बंदिस्त होऊ लागली तेव्हा त्यांनी राजाला पत्र लिहून, गरिबांसाठी काही एकर जमीन कायमची वगळावी, अशी विनंती केली. ती मान्य झाली. १८०९ साली तेथे सुरू झालेल्या बागा आजही आहेत आणि इंग्लंडातील सर्वांत जुन्या वाट्याच्या बागा म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १८४५ च्या कायद्याने, जमीन बंदिस्त करताना भूमिहीनांसाठी तुकडे राखून ठेवण्याची तरतूद झाली. कायदा कागदावर चांगला होता. १८६९ पर्यंत सहा लक्ष एकरांहून अधिक जमीन बंदिस्त झाली आणि तीतून गरिबांच्या बागांना सुमारे २,२०० एकर मिळाले! अखेर १९०८ च्या कायद्याने ही गोष्ट मेहेरबानीतून काढून हक्कात आणली. गावातील सहा मतदारांनी वा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर तिचा विचार करणे आणि गरज असल्यास बागेसाठी जमीन मिळविणे हे स्थानिक मंडळाचे कर्तव्य ठरले. लंडनचा मध्यभाग सोडल्यास हा नियम इंग्लंडात आजही लागू आहे.

एवढा इतिहास सांगितल्याशिवाय त्या बागेतील सुखाची किंमत कळत नाही. आता खुद्द बागेत जाऊ.

वर्षाची सुरुवात जानेवारीपासून धरली, तर ती बागेच्या बाहेरच होते. ह्या दिवसांत लंडनला सूर्य जेमतेम आठ तास असतो, तोही ढगांनी दिसू दिला तर. जमीन गोठलेली, नाहीतर चिखलाने भरलेली. अशा वेळी बागवाला विस्तवाशी बसून बियाण्यांच्या याद्या वाचतो, कागदावर वाफे आखतो, खोडतो, पुन्हा आखतो. कागदावरच्या बागेत गोगलगाय शिरत नाही आणि कबुतर कोबी खात नाही. वर्षातील सर्वांत निर्दोष पीक ते हेच. परंतु बाग अगदीच रिकामी नसते. लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी, बोटाच्या पेरांएवढे चिमुकले कोबी ज्याच्या दांड्याला लगडतात ते ब्रसेल्स स्प्राउट, आणि पार्स्निप हे पांढरे गाजर, एवढी मंडळी बर्फातही उभी असतात. पार्स्निपला तर थंडीचा कडाका बसल्याखेरीज गोडी येत नाही. थंडीने त्याच्यातील पिठाची साखर होते. नाताळच्या जेवणासाठी सकाळी अंधुक उजेडात जाऊन, टणक जमिनीत चार दातांचे खोरे रोवून, दोन पार्स्निप उपटून आणणे हा तेथील पुष्कळ घरांतला रिवाज आहे. बोटे बधिर होतात, ती घरी येऊन चुलीपाशी धरावयाची.

ह्याच सुमारास एका कोपऱ्यात बादली पालथी घातलेली दिसते. तिच्याखाली रूबार्ब वाढत असतो. ह्या झाडाची पाने अळवासारखी मोठी असतात आणि ती विषारी आहेत. खावयाचे ते त्याचे आंबट, तांबूस देठ, साखर घालून शिजविलेले. बादलीखालच्या अंधारात ते लवकर आणि कोवळे येतात. फेब्रुवारीच्या अखेरीस बादली उचलून पाहिली म्हणजे गुलाबी देठ आणि त्यांच्या टोकांना मुठीसारखी मिटलेली पिवळी पाने दिसतात. बाहेर एकही झाड हिरवे नसताना हे दर्शन घडते, म्हणून त्याचे कौतुक.

घरात खिडकीच्या फळीवर त्या वेळी बटाटे मांडलेले असतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोबणीत एकेक बटाटा, डोळे वर करून. उजेडात ठेवल्याने त्यांना आखूड, जाड, जांभळट कोंब फुटतात. बटाटा हे नाव आपण पोर्तुगिजांकडून घेतले आणि बेळगावच्या बाजूस पावसाच्या आरंभी त्याची लावणी होते. त्यामुळे हे पीक आपल्या वाचकांस अनोळखी नाही. परंतु इंग्लंडात आणि विशेषतः आयर्लंडात त्याच्या लावणीचा परंपरागत दिवस कोणता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तो दिवस म्हणजे पवित्र शुक्रवार, गुड फ्रायडे. त्या दिवशी सैतानाची मातीवर सत्ता चालत नाही, अशी जुनी समजूत होती. दुसरे कारण अधिक साधे आहे. मजुराला वसंतात सुटीचा असा हा दिवस मिळे. सकाळी वा दुपारी प्रार्थनेला जावयाचे आणि उरलेल्या वेळात बटाटे पुरावयाचे. आता ईस्टरचा सण चंद्रावर अवलंबून असल्यामुळे पवित्र शुक्रवार २० मार्चपासून २३ एप्रिलपर्यंत कधीही येतो. बटाट्याला पंचांग कळत नाही. एखाद्या वर्षी तो फार लवकर पुरला जातो आणि कोवळे कोंब हिमाने काळे पडतात. तरीही जुने लोक तो दिवस सोडीत नाहीत, आणि मला त्यांचे करणे वेडेपणाचे वाटत नाही. ज्या दिवशी प्रभूला कबरेत ठेवले त्या दिवशी हाताने काहीतरी मातीत ठेवावे, हा भाव मनात असेल तर एखाद्या वर्षीचे हिम सोसता येते.

हिमाची धास्ती मेच्या मध्यापर्यंत संपत नाही. जर्मनी आणि फ्रान्सकडील शेतकरी ११ मेपासून येणाऱ्या संत मामेर्तुस, संत पान्क्रास, संत सेर्वासियुस ह्यांच्या दिवसांना ‘हिमाचे संत’ म्हणतात आणि ते होऊन गेल्याशिवाय नाजूक रोपे उघड्यावर लावीत नाहीत. आपल्या शेतकऱ्याला मृग आणि आर्द्रा जशी, तसे तिकडे हे संत. तोपर्यंत टोमॅटोची, भोपळ्याची, घेवड्याची रोपे घरभर खिडक्यांत उभी असतात आणि पडदे ओढण्याची सोय नसते.

वसंत ऋतू म्हटला की इंग्रजी कवितेवर वाढलेल्या माणसाला समृद्धी आठवते. बागेतील गोष्ट निराळी आहे. एप्रिल आणि मे हे तेथील वाट्याच्या बागेचे भुकेचे महिने होत. हिवाळ्याची भाजी फुलोऱ्याला येऊन संपलेली, नवी अजून बोटभर. सर्वत्र हिरवे आहे आणि ताटात घालावयास काही नाही. गोव्यातील वाचकांना हे पटकन कळेल. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंत भरून ठेवतात. सुकी मासळी, मिरच्या, कांदे, आमसुले, मीठ ही मे महिन्यात घरात आली नाहीत, तर जुलैत गृहिणीची तारांबळ उडते. इंग्लंडातील गृहिणी तीच तजवीज सप्टेंबरात करते आणि तिच्या बरण्या मेमध्ये रिकाम्या होतात. प्रत्येक देशाला आपापली तूट असते. ती कोणत्या महिन्यात येते एवढाच फरक.

ह्या तुटीत पहिला दिलासा देते ती ब्रॉड बीन ही जाड सालीची शेंग. तिचे बी आदल्या नोव्हेंबरात पेरलेले असते. चार इंच उंचीच्या रोपांनी सारा हिवाळा वाऱ्यात डोलत काढलेला असतो. मेमध्ये तिला काळे ठिपके असलेली पांढरी फुले येतात आणि जूनच्या आरंभी शेंगा. सोलल्यावर शेंगेच्या आत पांढऱ्या लोकरीसारखे अस्तर दिसते, आणि त्यात दाणे पाळण्यात निजविल्यासारखे बसलेले असतात. आमच्याकडील वालाचे बिरडे ज्याने खाल्ले आहे, त्याला हे दाणे कसे शिजवावे हे सांगण्याची गरज नाही. इंग्रज मात्र ते नुसते उकडून लोण्याबरोबर खातात.

जून आला की दिवस लांबत लांबत साडेसोळा तासांचा होतो. वाट्याच्या बागेचा खरा काळ हा. कारखान्यातून किंवा कचेरीतून माणूस सहा वाजता सुटतो आणि त्याच्यापुढे अजून तीन-साडेतीन तासांचा उजेड असतो. ही गोष्ट आपल्याला अनुभवाने ठाऊक नाही. आपल्याकडे दिवेलागण बारा महिने जवळजवळ एकाच सुमारास होते. तेथे रात्री नऊ वाजताही लोक बागेत खुरपत असतात. फाटक्या कोटातला निवृत्त आगगाडी-चालक, शाळेतील शिक्षिका, तान्हे मूल पाठीशी बांधलेली आई, सगळे आपापल्या पट्ट्यावर वाकलेले. पट्ट्याच्या टोकाला जुन्या दरवाज्यांची, खोक्यांच्या फळ्यांची ठोकून केलेली खोपी असते. तिच्यात अवजारे, दोन खुर्च्या आणि चहाची किटली. खोपीच्या छपरावरचे पाणी पिंपात साठवावयाचे. खोरे मातीत घातले की रॉबिन नावाचा तांबड्या छातीचा चिमणीएवढा पक्षी येऊन दोन हातांवर बसतो आणि उकरलेल्या मातीतील किडे टिपतो. तो माणसाला भीत नाही. त्याला वाटते, हे सर्व आपल्यासाठीच चालले आहे.

एकमेकांची ओळख तेथे भाजीवरून होते. नाव ठाऊक नसते, पण ‘ते कांदेवाले’, ‘त्या घेवडेवाल्या बाई’ असे सांगितले की कळते. जास्तीची रोपे पायवाटेच्या कडेला ठेवून देतात, ज्याला हवी त्याने न्यावी. भांडणेही होतात, आणि ती बहुधा पाण्यावरून किंवा शेजाऱ्याच्या पट्ट्यातून आलेल्या तणावरून. ज्या वाचकांनी पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळली आहे, त्यांना ह्यात परके काही वाटणार नाही.

जूनच्या अखेरीस पहिला बटाटा निघतो. वाट्याच्या बागेतील सगळ्या सुखांत मी ह्याला पहिला मान देईन. टोमॅटो वाढताना दिसतो, घेवडा दिसतो. बटाटा तीन महिने दिसत नाही. रोपाच्या बुंध्याशी माती ओढून ओढून वरंबा केलेला असतो, त्याच्या आत काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. खोऱ्याचे दात थोडे लांब रोवावे लागतात, नाहीतर बटाटाच टोचला जातो. मग दांडा दाबून वरंबा उचलावयाचा. काळ्या मातीतून पांढरे, ओले, अंड्याएवढे बटाटे घरंगळतात. मुले त्यांवर तुटून पडतात. साल इतकी पातळ की अंगठ्याने निघते. पुदिन्याचे पान घालून उकडले आणि वर लोणी ठेवले की तो एक पूर्ण जेवणाचा पदार्थ होतो. बाजारातील बटाटा आणि तासापूर्वी काढलेला बटाटा ही दोन निराळी पिके आहेत, असे तेथील माणूस शपथेवर सांगेल.

पण ह्याच पिकाच्या पोटी एक भय आहे. जुलै-ऑगस्टात हवा उबदार आणि दमट राहिली की पानांवर तपकिरी डाग पडतात; दोन-तीन दिवसांत सारा वाफा काळा पडून कुजतो. करप्याचा हाच रोग १८४५ साली आयर्लंडात शिरला. तेथील गरीब कॅथॉलिक कुळांचे सारे जेवण ह्या एका कंदावर होते. इतर धान्य मालकाच्या खंडापायी बाहेर जात असे. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि सुमारे तितकीच देश सोडून गेली. इंग्लंडातील अनेक शहरांत कॅथॉलिक मंदिरे उभी राहिली ती पुष्कळ अंशी ह्या परागंदा झालेल्या लोकांच्या पैशा-पैशांतून. आज वाट्याच्या बागेतील माणूस डाग दिसताच झाडाचा पाला कापून टाकतो आणि जमिनीखालचे बटाटे वाचवितो. त्याला दुकान आहे, पगार आहे. एका पट्ट्यात दहा तऱ्हेची पिके घेण्याची त्याची रीत मात्र त्या जुन्या दुःखाशी अगदीच असंबद्ध नाही.

पावसाविषयी तेथील लोकांची एक म्हण संतांच्या नावावर आहे. १५ जुलै हा विंचेस्टरचे नवव्या शतकातील बिशप संत स्विदिन ह्यांचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर चाळीस दिवस पडतो, असे म्हणतात. हवामानखात्याने हे खरे नसल्याचे दाखवून दिले आहे, पण बागेतील माणसे त्या दिवशी आकाशाकडे पाहतातच. आपले लोक तरी नक्षत्राच्या वाहनावरून पावसाचा अंदाज करण्याचे कोठे सोडतात?

ऑगस्ट हा उधळपट्टीचा महिना. कूर्जेट नावाचा काकडीसारखा लहान भोपळा रोज तोडावा लागतो. चार दिवस गावाला गेले की तो पोराच्या मांडीएवढा होतो. प्रथम तो घरी खातात, मग शेजाऱ्यांना देतात, मग शेजारी दार उघडीनासे होतात. रात्री दुसऱ्याच्या पायरीवर भोपळे ठेवून पळून जाण्याच्या गोष्टी प्रत्येक गावात थट्टेने सांगतात. काही मंडळी मुद्दाम प्रचंड भोपळे आणि लीक वाढवून प्रदर्शनात मांडतात. त्यांना बक्षिसे मिळतात, चव मिळत नाही. असल्या भाजीचे मला तरी कौतुक नाही.

माझ्या मते सप्टेंबर सर्वांत चांगला. ऊन मऊ असते, कामाची घाई सरलेली असते आणि जे काही यावयाचे होते ते आलेले असते. कांदे उपटून, उन्हात वाळवून, त्यांच्या वेण्या घालून खोपीत टांगतात. गाजरे वाळूच्या खोक्यात थरांनी रचतात. सफरचंदे कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवतात, एकमेकांना न टेकवता. न पिकलेल्या हिरव्या टोमॅटोंची चटणी होते. ‘चटणी’ हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेला. परंतु त्यांची चटणी शिरका आणि साखर घालून दीड-दोन तास रटरटत ठेवलेली असते, आणि आपली गृहिणी तिला मुरांब्याची चुलत बहीण म्हणेल. ह्याच दिवसांत तेथील देवळांत सुगीचा उपकारस्तुतीचा रविवार पाळतात. कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथील धर्मगुरू हॉकर ह्यांनी १८४३ साली ही रीत नव्याने सुरू केली असे सांगतात. वेदीच्या पायऱ्यांवर भोपळे, कांदे, पाव आणि बटाटे मांडलेले असतात. गोव्यात राय आणि ताळगाव येथे ऑगस्टात भाताची नवी कणसे आशीर्वादित होतात ती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य घरचे वाटेल. फरक इतकाच की तेथे कणीस आणणारा पुष्कळदा गिरणीतील किंवा दवाखान्यातील नोकर असतो, आणि त्याने आणलेला भोपळा हीच त्याची वर्षाची शेती असते.

२९ सप्टेंबरला देवदूत मिखाएलाचा सण येतो. त्यानंतर कुंपणावरची ब्लॅकबेरी तोडू नये, कारण स्वर्गातून पडलेला सैतान त्या काट्यांत आदळला आणि त्या फळांवर थुंकला, अशी लोककथा आहे. ऑक्टोबरात ती फळे पाणचट होतात हे खरेच. परंतु ह्या सणाची तारीख एका अधिक गंभीर ठिकाणीही सापडते. पार्लमेंटच्या कायद्यानुसार वाट्याच्या बागेतून कोणाला उठवावयाचे झाल्यास सामान्यतः बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि तिची मुदत ६ एप्रिलला किंवा त्यापूर्वी, अथवा २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतरच संपली पाहिजे. म्हणजे पेरलेले पीक वाफ्यात उभे असताना माणसाला हुसकता येत नाही. हा नियम करताना कायदा करणाऱ्यांनी बागेचे वर्ष ध्यानात घेतलेले दिसते. १९२५ च्या कायद्याने आणखी एक कुंपण घातले. बागांसाठीच म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येत नाही.

ही कुंपणे लागतात, कारण भोवतालचे शहर वाढत असते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांमुळे बाहेरून धान्य येईनासे झाले, तेव्हा सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली. लंडनच्या टॉवर किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे झाले. त्या काळी अशा बागांची संख्या सुमारे १४ लक्षांवर गेली होती. आज ती सुमारे ३ लक्ष ३० हजार आहे. युद्ध संपले, दुकाने भरली, आणि त्या जमिनींवर घरे, रस्ते, वाहनतळ आले. अलीकडे मागणी पुन्हा वाढली आहे, पण जमीन परत येत नाही. लंडनच्या काही भागांत नाव नोंदविलेल्या माणसाला दहा-दहा वर्षे थांबावे लागते. वॉटफर्ड येथील फार्म टेरेस ह्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या बागा तेथील मंडळाला रुग्णालयाच्या परिसराच्या विकासासाठी हव्या होत्या. बागवाल्यांनी काही वर्षे न्यायालयात लढा दिला. २०१६ साली निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. रुग्णालय वाईट, असे कोण म्हणेल? घरे तरी लोकांना नकोत काय? म्हणूनच हा झगडा अवघड होतो. बागेच्या बाजूने सांगण्यासारखे जे असते ते आकड्यांत बसत नाही. चाळीस वर्षे एकाच मातीत कुजके खत मिसळून एका माणसाने तिचा रंग पालटला, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहावयाची? दुसरीकडे तेवढीच जागा दिली म्हणून ती माती तेथे जात नाही.

ज्यांच्या हातून त्यांच्या गावी जमीन सुटली, अशी माणसे ह्या बागांत नेहमीच आली आहेत. आयरिश आले, युद्धानंतर पोलिश आणि वेस्ट इंडीजमधील लोक आले. आज लेस्टर आणि बर्मिंगहॅम येथील पट्ट्यांवर मेथी, कोथिंबीर आणि दुधीचे वेल दिसतात. आमच्या पुष्कळ वाचकांची मुले, नातवंडे स्विंडन गावी आहेत; गोमंतकीय कुटुंबांची तेथे मोठी वस्ती झाली आहे. ती तरुण मंडळी पाळ्यांनी कामे करतात, भाड्याच्या घरात राहतात आणि फोनवर आईला विचारतात, परसातील अळू कसे आहे? त्यांना हे सांगावयास हवे की, तेथील मंडळाकडे वाट्याच्या बागेसाठी नाव नोंदविता येते, आणि त्यासाठी घराचे मालक असावे लागत नाही. नाव लवकर घालावे. पट्टा मिळेल तेव्हा बहुधा कमरेइतके गवत आणि खाजकुयलीसारखी अंगाला झोंबणारी नेटल नावाची वनस्पती माजलेली असेल. पहिल्या वर्षी सगळा खणू नये. अर्धा भाग काळ्या कापडाने झाकून ठेवावा आणि उरलेल्या अर्ध्यात बटाटे लावावे. जागा अर्धीच, म्हणजे पाच पोल मिळत असेल, तर तेवढीच घ्यावी. पाळीचे काम करणाऱ्या माणसाला सव्वा गुंठा पुरे होतो.

एक आणखी. येथून पाकिटात घालून बियाणे पाठवू नये. परदेशातून बी नेण्यासाठी वनस्पती निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. त्याची गरजही नाही. तेथील वाण्याच्या दुकानात खाण्याचे धणे मिळतात. ते लाटण्याने हलके रगडले की एकेकाचे दोन फाके होतात. एप्रिलच्या मध्यानंतर उथळ ओळीत ते टाकावे, वर बारीक माती ओढावी आणि तीन आठवड्यांनी शेजारी दुसरी ओळ पेरावी. कारण जूनच्या लांब दिवसांत कोथिंबीर पटकन फुलावर येते, आणि एकाच ओळीवर भरवसा ठेवला तर कढीच्या दिवशी हातात नुसती फुले राहतात.